निगेटिव्ह कंट्रोलमध्ये बँड आला: लाइफ सायन्सेसच्या समर इंटर्नशिपचे माझे आठ आठवडे

ज्युनियर्सचे मेसेज यायला लागले की समजायचं, सुट्टी जवळ आली. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, समर इंटर्नशिप करू का, त्यातून मिळतं काय, सर्टिफिकेटला किती वजन असतं. प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहिते. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षानंतर आठ आठवडे मायक्रोबायोलॉजीच्या एका रिसर्च लॅबमध्ये होते. सर्टिफिकेट मिळालं, ते फाइलमध्ये आहे, नंतर कोणी फारसं विचारलं नाही. बाकी जे मिळालं ते मात्र रोज वापरतेय.

आधी लॅब कशी मिळाली ते सांगते, कारण तिथेच बरेच जण अडकतात. मी पहिल्यांदा पंचवीसेक ठिकाणी एकच मेल पाठवला, फक्त वरचं नाव बदलून. मला रिसर्चची खूप आवड आहे, मी मेहनती आहे, संधी द्यावी, वगैरे. एकाचंही उत्तर आलं नाही. मग एका सीनियरने सांगितलं की अगं असे मेल त्यांना रोज येतात, तू एकच लॅब निवड आणि त्यांचे दोन पेपर तरी वाच. वाचले. निम्मं डोक्यावरून गेलं, पण एका ठिकाणी खरंच प्रश्न पडला. ती लॅब मातीतल्या अशा बॅक्टेरियांवर काम करायची जे न विरघळणारं फॉस्फेट विरघळवतात, आणि पेपरमध्ये होतं की काही बॅक्टेरिया प्लेटवर (जेलीसारख्या घट्ट खाद्यावर) काहीच करत नाहीत पण लिक्विड मीडियात (पातळ खाद्यात) छान फॉस्फेट सोडतात. असं का, एवढंच विचारलं, चार ओळींत, आणि खाली लिहिलं की सुट्टीत आठ आठवडे येऊ शकते. दोन दिवसांत लॅबच्या प्रमुख मॅडमचं उत्तर आलं, प्रश्नाचं उत्तर अर्धंच दिलं आणि म्हणाल्या बाकीचं येऊन बघ.

पहिल्या आठवड्यात मला कोणी एक्सपेरिमेंटला हात लावू दिला नाही. सेफ्टी, कुठल्या कचऱ्याचा कुठला डबा, ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेच्या दाबाने निर्जंतुक करायचं यंत्र, कसं लावायचं (१२१ डिग्री, १५ पीएसआय, आणि झाकण कधी उघडायचं नाही ते), आणि पिपेट, म्हणजे मोजून द्रव ओढायचं आणि सोडायचं साधन. दोन दिवस नुसतं पिपेट! मला ज्यांच्या हाताखाली ठेवलं होतं त्या पीएचडी करणाऱ्या ताईंनी एक वजनकाटा, एक बीकर पाणी आणि पिपेट समोर ठेवलं आणि म्हणाल्या १०० मायक्रोलिटर दहा वेळा काढ आणि दर वेळी वजन लिही. १ मिलिलिटर पाणी म्हणजे जवळपास १ ग्रॅम, म्हणजे १०० मायक्रोलिटरला ०.१ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. माझं पहिलं ०.०९८९, दुसरं ०.१०१४, तिसरं एकदम ०.०९३६. ताई माझ्या हाताकडे बघत होत्या, काट्याकडे नाही. म्हणाल्या, तू अंगठा पटकन सोडतेस, आत हवा जाते, बघ टिपमध्ये बुडबुडा आहे. खरंच होता, बारीकसा, टोकाशी. मग टिप उभी धरायची, पाण्यात दोन-तीन मिलिमीटरच बुडवायची, जास्त बुडवली की बाहेरून पाणी चिकटून येतं, अंगठा सावकाश सोडायचा, एक सेकंद थांबायचं आणि मग बाहेर काढायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझी दहाही रीडिंग्ज ०.०९८ ते ०.१०० मध्ये आली तेव्हा झालेला आनंद मला परीक्षेच्या मार्कांनी पण झाला नव्हता, कारण ते हाताला आलं होतं आणि आता कोणी काढून घेऊ शकत नव्हतं.

कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये पण पिपेट असतं, मग फरक काय, असं कोणी विचारेल. कॉलेजमध्ये उत्तर आधीच छापलेलं असतं. आपलं रीडिंग त्याच्या जवळ आलं नाही तर आपण ते जवळ आणतो, शेजारच्याच्या जर्नलमध्ये बघतो, गेल्या वर्षीच्या जर्नलमध्ये बघतो, आणि मार्क मिळतात. आम्ही सगळ्यांनीच केलंय आणि मला त्याचं आज वाईट वाटतं, कारण त्याने मनात एक गोष्ट घट्ट बसते की चुकीचं रीडिंग म्हणजे लपवायची गोष्ट. रिसर्च लॅबमध्ये उत्तर कोणाकडेच नसतं. मॅडमकडेही नसतं. तिथे रीडिंग जवळ आणायचं तर कशाच्या जवळ आणणार?

माझं काम छोटं होतं. मातीचे नमुने घ्यायचे, १ ग्रॅम माती ९ मिलिलिटर सलाइनमध्ये, त्यातलं १ मिलिलिटर पुढच्या ९ मध्ये, असं करत दहाच्या पटीत पातळ करत जायचं आणि मग पिकोव्हस्काया अगारवर पसरवायचं. या मीडियात ट्रायकॅल्शियम फॉस्फेट असतं, ते विरघळत नाही म्हणून प्लेट दुधाळ पांढरी दिसते. जो बॅक्टेरिया ऑरगॅनिक अॅसिड सोडतो, ग्लुकॉनिक अॅसिडसारखं, तो आजूबाजूचं फॉस्फेट विरघळवतो आणि कॉलनीभोवती स्वच्छ पारदर्शक वलय तयार होतं. मातीत फॉस्फरस असतो पण बराचसा बांधलेल्या रूपात, झाडाला उचलता येत नाही, म्हणून या बॅक्टेरियांना महत्त्व. हे सगळं मी परीक्षेत लिहिलं होतं, पाच मार्कांना. पण चौथ्या दिवशी इन्क्युबेटरमधून प्लेट काढून उजेडासमोर धरली आणि त्या पांढऱ्या धुक्यात एका ठिपक्याभोवती काचेसारखा गोल दिसला, त्यातून पलीकडची खिडकी दिसत होती, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे जे पुस्तकात आहे ते खरंच घडतं.

इथे एक धडा लगेच मिळाला. वलयाचा आकार मोजायचा होता, तीन-तीन प्लेट्स करायच्या होत्या. मी ब्रॉथच्या (बॅक्टेरिया वाढवलेल्या द्रवाच्या) एकाच ट्यूबमधून तीन प्लेट्स लावल्या, तिन्हीचं माप सारखं आलं, मी खूश, एरर बार (मापांतला फरक दाखवणारी रेघ) अगदी बारीक. मॅडमनी एकच विचारलं, ट्यूब किती? एक. मग त्या म्हणाल्या, तू एकाच माणसाला तीनदा विचारलंस आणि तिघांचं एकमत झालं म्हणतेस. तीन प्लेट्समुळे फक्त माझा हात किती स्थिर आहे ते कळत होतं, बॅक्टेरियाबद्दल काही कळत नव्हतं. वेगवेगळ्या दिवशी नव्याने वाढवलेल्या तीन कल्चर्समधून केलं तेव्हा मापं चांगलीच इकडे-तिकडे झाली, एरर बार जाडजूड झाला, आणि तो खरा होता. स्टॅटिस्टिक्सचा पेपर मी पास झाले होते पण रेप्लिकेट म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

आता मुख्य गोष्ट.

सात चांगले आयसोलेट, म्हणजे मातीतून वेगळे करून वाढवलेले बॅक्टेरिया, निवडले आणि ते कोण आहेत ते ओळखायचं होतं, म्हणजे १६एस आरआरएनए जीनचं पीसीआर करून (मशीनमध्ये त्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढून) सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा क्रम वाचायला, पाठवायचं. हा जीन प्रत्येक बॅक्टेरियात असतो, त्याचे काही भाग सगळ्यांत जवळपास सारखे आणि काही भाग प्रत्येकाचे वेगळे, म्हणून ओळख पटवायला तो वापरतात. कार्ल वोस आणि जॉर्ज फॉक्स यांनी याच रायबोसोमल आरएनएची तुलना करून १९७७ मध्ये दाखवलं की आर्किया हा बॅक्टेरियांपेक्षा वेगळाच गट आहे. आणि पीसीआरचं सांगायचं तर दर सायकलला डीएनए दुप्पट होतो, एका तुकड्याचे ३० सायकलींत कागदावर १०७ कोटी होतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आठ ट्यूब लावल्या. सात माझ्या, आठवीत डीएनएच्या जागी नुसतं पाणी, ती निगेटिव्ह कंट्रोल, तिच्यात काहीच दिसायला नको. (शिवाय वेगळा पॉझिटिव्ह कंट्रोल पण होता, ज्यात उत्तर यायलाच हवं, ताईंचा, ठरलेल्या ई. कोलायचा डीएनए.) मशीनमध्ये टाकलं, अडीच तास. तोपर्यंत जेल ओतलं, ज्यातून डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होतात, १ ग्रॅम अगारोज १०० मिलिलिटर बफरमध्ये, मायक्रोवेव्हमध्ये उकळून, फ्लास्क हातात धरवेल इतका गार झाल्यावर ट्रेमध्ये, कंगवा लावून. जेल लोड करणं हे एक वेगळंच काम आहे. विहिरी, म्हणजे कंगव्याने जेलमध्ये पडलेले खड्डे, इवल्याशा, बफरखाली बुडलेल्या, नीट दिसतही नाहीत. सँपलमध्ये निळा डाय मिसळलेला असतो आणि त्यात ग्लिसरॉल असतं म्हणून सँपल जड होऊन खाली बसतं. टिपचं टोक विहिरीच्या तोंडाशी आणायचं, आत खुपसायचं नाही, तळाला भोक पडतं, दुसऱ्या हाताने कोपर टेबलाला टेकवून हात स्थिर करायचा आणि हळूच सोडायचं, निळा थेंब धुरासारखा खाली उतरतो. करंट लावला, डीएनए निगेटिव्ह चार्जचा म्हणून पॉझिटिव्हकडे धावतो, पाऊण तासाने यूव्हीखाली बघितलं.

सातही लेनमध्ये बरोबर दीड हजार बेस पेअरच्या (डीएनएची लांबी त्यात मोजतात) जागी झगझगीत बँड, म्हणजे डीएनएची चमकणारी रेषा! मी फोटो काढला, मैत्रिणीला पाठवायला निघाले होते. ताईंनी शांतपणे शेवटच्या लेनवर बोट ठेवलं. हे काय आहे? निगेटिव्ह. मग यात काय दिसतंय? बँड दिसत होता. बाकीच्यांपेक्षा फिका होता पण होता.

मी म्हटलं, ताई पण माझे बँड किती ब्राइट आहेत, हा तर फिका आहे. त्या म्हणाल्या, ते तुझ्या आयसोलेटचेच आहेत हे कशावरून? मला उत्तर देता आलं नाही. पाण्यात बँड आला म्हणजे कुठून तरी दुसऱ्या बॅक्टेरियाचा डीएनए आत आलाय, आणि तो आठही ट्यूबमध्ये आला असणार, आणि हे प्रायमर (कुठला तुकडा कॉपी करायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) तर कुठल्याही बॅक्टेरियाला चालणारे, ते थोडेच ओळखणार की हा पाहुणा आहे. एक तुकडा आत गेला तरी त्याचे कोट्यवधी होणार. त्या एका फिक्या रेषेने माझे सात झगझगीत बँड शून्य करून टाकले. फोटो पाठवला नाही.

पुढचे तीन दिवस मी रोज एक गोष्ट बदलून पीसीआर लावत राहिले. पाणी बदललं, बँड आहे. बफर बदलला, बँड आहे. पिपेट पुसून यूव्हीखाली ठेवलं, बँड आहे. रात्री झोपताना डोळ्यांसमोर ती रेषा. माझा धीर सुटत चालला होता आणि लॅब मीटिंगमध्ये सांगायची वेळ आली, आणि कॉलेजची सवय अशी की मी स्लाइडवर फक्त वलयांची मापं टाकली आणि पीसीआर चालू आहे असं लिहिलं. मॅडमनी विचारलं, चालू आहे म्हणजे? मग सगळं सांगितलं. मला वाटलं रागावतील. त्या खुर्ची पुढे ओढून बसल्या, त्यांना खरंच रस वाटला. म्हणाल्या, रोज एक कशाला बदलतेस, एकाच रनमध्ये सगळं विचार. डीएनए कशातच घालायचा नाही. पहिली ट्यूब, सगळं जुनं. दुसरी, फक्त पाणी नवीन. तिसरी, फक्त फॉरवर्ड प्रायमर नवीन. चौथी, फक्त रिव्हर्स प्रायमर नवीन. पाचवी बफर, सहावी डीएनटीपी (नवीन डीएनए बनवायचा कच्चा माल), सातवी एन्झाइम. आठवीत सगळंच नवीन. ज्या ट्यूबमध्ये बँड जाईल तिथे चोर.

इतकं साधं होतं! तीन दिवसांचं काम एका दुपारी. प्रश्न कसा विचारायचा हे शिकणं म्हणजे काय ते मला तेव्हा दिसलं, आणि हे कुठल्या पुस्तकातून कळलं नसतं कारण पुस्तकात पीसीआर नेहमी यशस्वीच होतो.

बँड गेला चौथ्या ट्यूबमध्ये, आणि अर्थात आठव्या. रिव्हर्स प्रायमर. फॉरवर्ड प्रायमर चांगला आणि रिव्हर्स खराब, असं कसं, दोन्ही एकाच दिवशी बनवलेले. इथे वही कामाला आली. आमच्याकडे नियम होता, पेनानेच लिहायचं, पान फाडायचं नाही, चुकलं तर एकच रेघ मारायची म्हणजे खालचं वाचता येईल, बाजूला तारीख आणि सही. पहिल्या आठवड्यात मी थोडं पाणी घातलं असं लिहिलं होतं तर मॅडमनी पेन्सिलने गोल करून विचारलं होतं, थोडं म्हणजे किती? तेव्हापासून मी सगळं लिहायला लागले, किती वाजता, कुठलं पिपेट, कुठल्या टेबलावर. पान ३१ वर होतं: सकाळी ताईंनी फॉरवर्डचं डायल्यूशन केलं, दुपारी मी सात आयसोलेटचा डीएनए काढला, आणि त्यानंतर त्याच टेबलावर त्याच पिपेटने रिव्हर्सचं डायल्यूशन केलं, साध्या टिपने, फिल्टर टिप संपल्या होत्या म्हणून. डीएनए असलेले अगदी बारीक थेंब हवेबरोबर पिपेटच्या आत चढतात आणि पुढच्या ट्यूबमध्ये उतरतात, ते अडवायलाच फिल्टर टिप असते. मी ग्लोव्हज घातले होते, टेबल अल्कोहोलने पुसलं होतं, मला वाटत होतं मी काळजी घेतली. पण अल्कोहोलने बॅक्टेरिया मरतो, त्याचा डीएनए राहतोच, आणि पीसीआरला जिवंत-मेलेला असा फरक कळत नाही.

चूक माझी होती आणि ती माझ्याच अक्षरात लिहिलेली होती. मला लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगते, खूप हलकं वाटलं. कारण सापडलं होतं ना!

नवीन प्रायमर, वेगळी खोली, वेगळं पिपेट, परत आठ ट्यूब. या वेळी पण निगेटिव्हमध्ये अगदी पुसटशी सावली राहिली, तर ताईंनी सांगितलं की पीसीआरमध्ये डीएनए कॉपी करणारं टॅक एन्झाइम स्वतःच बॅक्टेरियात बनवतात, त्यात त्या बॅक्टेरियाच्या डीएनएचा अंश राहू शकतो, १६एस करणाऱ्या सगळ्यांनाच हे माहीत असतं. सायकली ३५ वरून ३० केल्या, सावली गेली. आणि मग माझे सात? सातपैकी पाचच बँड आले. दोन लेन रिकाम्या. म्हणजे त्या दोघांचा डीएनए मला नीट काढताच आला नव्हता, आणि पहिल्या दिवशीचे त्यांचे ते झगझगीत बँड दुसऱ्याच कोणाचे होते. ते मी आनंदाने फोटो काढून सिक्वेन्सिंगला पाठवले असते, नाव आलं असतं, रिपोर्टमध्ये लिहिलं असतं, कोणालाही कधीच कळलं नसतं. ती आठवी ट्यूब लावायला पाच मिनिटं लागतात. आता कुठलीही बातमी वाचली की अमुक खाल्ल्याने तमुक बरं होतं, तर माझ्या डोक्यात आधी येतं, कंट्रोल काय होता?

टॅकवरून एक गोष्ट सांगायलाच हवी, ती ताईंनी मशीन चालू असताना सांगितली होती. पीसीआरची कल्पना कॅरी मलिसला १९८३ मध्ये सुचली, १९९३ मध्ये नोबेल मिळालं. पण दर सायकलला ९५ डिग्रीपर्यंत तापवायचं आणि एन्झाइम टिकलं पाहिजे, ते टिकणारं एन्झाइम, म्हणजे टॅक, आलं थर्मस अॅक्वाटिकस या बॅक्टेरियापासून, जो अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम पाण्याच्या झऱ्यांत मिळाला. थॉमस ब्रॉक या शास्त्रज्ञाबरोबर तो वेगळा करून वाढवणारा हडसन फ्रीझ तेव्हा पदवीचा विद्यार्थी होता, तुमच्या-माझ्यासारखा. त्यांचा पेपर १९६९ चा, पीसीआरच्या कितीतरी आधीचा. त्यांना त्याचा असा उपयोग होईल हे माहीत असणं शक्यच नव्हतं, त्यांना फक्त बघायचं होतं की इतक्या गरम पाण्यात कोण राहतं. आणि इन्सुलिनचा शोध, १९२१ चा उन्हाळा, ते शोधणाऱ्या डॉ. बँटिंगच्या मदतीला दिलेला चार्ल्स बेस्ट हा नुकताच पदवी झालेला २२ वर्षांचा मुलगा. उन्हाळ्यात लॅबमध्ये आलेल्या पोरांना कमी समजू नये असं मला मनापासून वाटतं, आणि पोरांनी पण स्वतःला समजू नये.

पाच सिक्वेन्स आठवड्याने आले. ब्लास्टमध्ये टाकायचे, म्हणजे जगभरच्या साठवलेल्या सिक्वेन्सशी जुळवून बघायचं. एकाची यादी उघडली तर बॅसिलस सेरियस, बॅसिलस थुरिंजिएन्सिस, आणि तेवढ्याच टक्क्यांनी बॅसिलस अँथ्रासिस. जीवघेण्या अँथ्रॅक्स रोगाचा! माझ्या पोटात गोळा आला, ती प्लेट मी आठवडाभर हाताळत होते. ताईंना सांगितलं, त्यांनी आधी प्लेट बंद ठेवायला लावली आणि मॅडमना कळवलं, आणि मग शांतपणे समजावलं की या तिघांचा १६एस इतका सारखा आहे की या एका जीनवरून त्यांना वेगळं सांगताच येत नाही. अँथ्रासिसचं विष ज्या जीन्समुळे आहे ते प्लास्मिडवर (मुख्य डीएनएपासून वेगळ्या छोट्या डीएनएवर) असतात, ते या टेस्टमध्ये दिसतच नाहीत. मायक्रोस्कोपखाली बघितलं, माझा बॅक्टेरिया छान पोहत होता, अँथ्रासिस हलत नाही. बाकीच्या तपासण्या मॅडमनी स्वतः बघून करवून घेतल्या, तो अँथ्रासिस नव्हता, तेव्हा जीवात जीव आला. रिपोर्टमध्ये मी बॅसिलस एसपी., म्हणजे बॅसिलसची कुठली तरी एक जात, एवढंच लिहिलं. पहिल्या आठवड्यातली मी सगळ्यात वरचं नाव उचलून लिहिलं असतं. आपल्याकडे पुरावा आहे तेवढंच म्हणायचं आणि तिथे थांबायचं, हे थांबणं फार अवघड असतं, नाव पूर्ण लिहायचा मोह होतो.

आता जे चांगलं नाही ते पण लिहिते. माझ्या एका मैत्रिणीला दुसऱ्या एका लॅबमध्ये आठ आठवडे फक्त ट्यूबवर लेबलं लावायला आणि काचेची भांडी धुवायला ठेवलं. भांडी मी पण धुतली, सगळ्यांनीच धुवावी, पण तिला एकदाही कोणी सांगितलं नाही की या भांड्यात काय होणार आहे. हे अन्यायाचं आहे. म्हणून जायच्या आधी दोनच गोष्टी विचारा, रोज माझ्याबरोबर कोण असेल, आणि माझा स्वतःचा छोटासा प्रश्न असेल का. लॅब किती मोठी, गाइडचे पेपर किती, याच्यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण मोठे गाइड आठवड्यातून एकदा भेटतात आणि शिकवते ती ताई. दुसरं म्हणजे स्टायपेंड. बऱ्याच ठिकाणी काहीच मिळत नाही, राहायचा खर्च आपला, म्हणजे ज्याला परवडतं तोच जातो आणि ज्याला सुट्टीत काम करून फी भरायची आहे तो मागे राहतो. हुशारीचा यात काही संबंध नाही आणि हे बदललं पाहिजे असं मला वाटतं. तोपर्यंत निदान स्टायपेंड देणारे प्रोग्रॅम आधी शोधा, त्यांच्या तारखा सुट्टीच्या कितीतरी आधी संपतात.

पेपरमध्ये नाव येईल या आशेने जाऊ नका. आठ आठवड्यांत फार तर एक नीट उत्तर मिळतं. आणि आवडलं नाही तर तेही कळणं फायद्याचंच आहे. माझ्याबरोबरच्या एका मुलाला बेंचवरचं काम अजिबात जमलं नाही, वास सहन व्हायचा नाही, वाट बघणं सहन व्हायचं नाही, पण आम्हा सगळ्यांच्या सिक्वेन्सचं ट्री (कोण कोणाच्या जवळचं ते दाखवणारी वंशावळ) त्याने बसून काढलं, कोडिंग शिकला, आणि आता बायोइन्फॉर्मॅटिक्स, म्हणजे कॉम्प्युटरवरचं जीवशास्त्र, करतोय. पाच वर्षं घालवून कळण्यापेक्षा दोन महिन्यांत कळलं. शिफारसपत्राचं पण तसंच, मॅडमनी माझ्यासाठी जे लिहिलं त्यात हुशार, मेहनती असलं काही नव्हतं, निगेटिव्ह कंट्रोलची हकिगत होती. इंटरव्ह्यूला मला त्याबद्दलच विचारलं आणि मी वीस मिनिटं बोलले.

शेवटच्या दिवशी पाचही आयसोलेटचे ग्लिसरॉल स्टॉक (ग्लिसरॉलमध्ये जपून ठेवायचे नमुने) केले, उणे ८० च्या फ्रीझरमध्ये ठेवले, डबा कितवा, खाना कितवा, ते वहीत लिहिलं. वही लॅबमध्येच ठेवून यायची असते, ती आपली नसते, मला तेव्हा सोडवेना. तीन-चार महिन्यांनी एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला, माझ्या जागी आलेली मुलगी, ताईंकडून नंबर घेतलेला. ताई, मी १६एस करतेय, पाण्यात बँड येतोय, काय करू? मी तिला आठ ट्यूबचं सांगितलं आणि वहीचं पान ३१ बघायला सांगितलं. रात्री तिने जेलचा फोटो पाठवला, तिचा चोर पाण्यातच होता.